आईचं कोरं बोट

कतारगामच्या आमच्या खोलीत दिवसभर भिंत थरथरते. पलीकडे लूमचं खातं आहे, म्हणजे कापड विणायचा कारखाना. त्या आवाजात दुपारी मला हमखास गुंगी येते, आणि आईला प्रश्न पडतात.

त्या उन्हाळ्यात तिचा विषय एकच, लोकसभेचं मतदान. लग्न होऊन ती नंदुरबारकडून सुरतेत आली, खात्यात बॉबिनी भरता भरता म्हातारी झाली, पण मत मात्र गावात. निवडणूक आली की आमच्याकडची माणसं गाड्या भरभरून गावी जातात, तशी तीही जायची. शेवटी हट्टाने तिने मतदारयादीतलं नाव इकडे आणवून घेतलं. "जल्म आठे गया, मंग मत तठे का बरं?" म्हणाली.

मी मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे सुटीतही सुटका नाही. पंख्याखाली पडल्या पडल्या सांगायचे. संसदेची सभागृहं दोन. लोकसभेत आपण थेट निवडलेली माणसं बसतात, आणि तिथे ज्यांचं बहुमत त्यांचं सरकार. राज्यसभेतल्या बहुतेकांना आमदार निवडतात, थोड्यांना राष्ट्रपती नेमतात. बहुतेक कायद्यांना दोन्हीकडची मंजुरी लागते. लोकसभा पाच वर्षांनी अख्खी नव्याने निवडायची. राज्यसभा मात्र कधीच रिकामी होत नाही, दर दोन वर्षांनी त्यातले एक तृतीयांश उठतात आणि तेवढेच नवे येऊन बसतात.

"खातासारखं," आई डोळे मिटूनच पुटपुटली. "पाळी बदलस, मशीन बंद व्हत नही."

अगं बाई! इतकी वर्षं शिकवते, मला नाही हे सुचलं.

मग बातमी आली. कुणाचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी मागे घेतले, आणि सुरतेच्या जागेवर एकच उमेदवार उरला. तो बिनविरोध निवडून आला. नियमच आहे तसा, एकटाच उरला तर मतदान होत नाही. आईला सांगितलं तर ती माझ्यावरच भडकली, जणू मीच रद्द केलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी बघते तर ही ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. कोण अडवणार? गेले मागोमाग. जिथे मतदान व्हायचं त्या शाळेच्या फाटकाला कुलूप, आत कडुनिंबाची सावली हलत होती.

"मत देवाले उनू, दादा," ती वॉचमनला म्हणाली.

"बा, अहीं वोटिंग नथी," तो बिचारा ओशाळून म्हणाला. तरी ती तिथे उभीच राहिली, गजांना धरून. मला आधी राग आला, मग मीही शेजारी जाऊन उभी राहिले.

दुपारी उधन्याची मावशी आली. शहर तेच, पण उधना शेजारच्या मतदारसंघात, तिकडे मतदान झालेलं. आईने बहिणीचं शाईचं बोट हातात घेतलं आणि कितीतरी वेळ बघत बसली.

"मंग मनं मत कोठे गयं?" तिने मला विचारलं.

मी समजूत घालू लागले. आता आमदारकीची निवडणूक येईल, तेव्हा मत दे. तुझा आमदार राज्यसभेचा माणूस निवडेल, म्हणजे तुझं मत एक जिना चढून दिल्लीला पोचेलच की.

"तोवर मी जित्ती ऱ्हासू का?" ती सहज बोलून गेली आणि कुशीवर वळली.

मावशी गेली. भिंत थरथरत होती, पडद्यातून पिवळं ऊन जमिनीवर डुलत होतं, आणि माझेही डोळे जड झाले. मध्येच जाग आली तर आई गाढ झोपलेली. डावा हात खाटेबाहेर आला होता, आणि तर्जनी तेवढी सरळ पुढे धरलेली, समोर कुणी शाई लावणारं बसलंय अशी. मी उठून ते बोट मुठीत घेतलं, तरी तिने ते वाकवलं नाही.