पावमायचं गाऱ्हाणं

पावमायनं सलग दीड वर्ष रोज संध्याकाळी देवाकडे माझं वाटोळं मागितलं, आणि त्या प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला मी जातीनं हजर होतो. एखाद्या सणाला दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी वाटोळं दुप्पट. स्वतःच्या तळपटाला इतक्या नेमानं होकार भरणारा दुसरा माणूस पृथ्वीवर असेल तर त्यानं मला जरूर भेटावं. चहा माझ्याकडून.

मालवण बंदरातल्या आगबोटीचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर आमची वाडी. वाडीत किरिस्तावांचं एकच घर, आणि घराला टेकून पावाची भट्टी. म्हणून ती पावमाय. तिचं खरं नाव आम्हाला तिच्या थडग्यावरच्या क्रुसानं सांगितलं. नवरा पेद्रूकाका. या माणसानं बोलण्याचा सगळा भार लग्नाच्या दिवशीच बायकोवर टाकला होता आणि तेव्हापासून तो फक्त पीठ मळत होता. मुलगा बस्त्याव, पंधरा वर्षांचा, माझ्याच वर्गातला. त्याचा आवाज असा की तो चर्चमध्ये गायला लागला की समुद्रातली तारवं भरतीची वाट न बघता बंदरात शिरत. दारूबंदीचे दिवस होते ते. पावाचं पीठ फुगवायला माडी कुठून येते हे फौजदारानं कधी विचारलं नाही, कारण सकाळी चहाबरोबर पाव त्यालाही लागायचा.

पावमाय सगळं विसरायची. मिठाची बरणी, चष्मा, चर्चमधल्या मिस्साची वेळ. अपमान मात्र कधीच नाही. एका बाईनं एकदा तिच्या पावाला चिवट म्हटलं, तर पुढची नऊ वर्षं त्या घरात खालून करपलेलाच पाव गेला. मधल्या काळात ती बाई वारली, सून आली, तरी पाव करपलेलाच. मी म्हटलं, “माय, सुनेचा काय दोष?” तर म्हणाली, “रे मेल्या, सूड म्हणजे आंबवलेला पीठ. घाई करशीत तर फुगाचा नाय. झाकून ठेवचा आणि वाट बघूची.”

आता दाजीशेट. आमच्या शाळेची पायवाट ज्याच्या माडांच्या बागेतून जायची तो हा गृहस्थ. कंजूष इतका की त्याच्या आरशात माणूस अर्धाच दिसायचा. नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्यांना प्रत्येक माडामागे एक नारळ द्यायचा, हा आमच्याकडचा रिवाज. दाजीशेटनं तो बंद केला, आणि पाडेल्यांनी त्याच्या बागेत पाऊल टाकणं बंद केलं. नारळ माडावरच पिकले, सुकले, आणि वाऱ्यानं धपाधप पायवाटेवर पडू लागले. लोकांनी सांगितलं, “शेटनू, कोणाचो तरी जीव जायत.” शेटला मोठेपणा दाखवायचा असला की तो मालवणी सोडून शुद्ध मराठीत शिरायचा. म्हणाला, “वाट माझी आहे. जीव ज्याचा त्यानं सांभाळावा.”

एका दुपारी शाळेतून येताना बस्त्याव पुढे आणि मी मागे. तो गात होता. वर काहीतरी सुटलं, बस्त्यावच्या डोक्याच्या डाव्या अंगाला आपटलं, आणि गाणं एका शब्दाच्या मध्यावर थांबलं. मी काय केलं? मी पळालो. असा पळालो की माझी किंकाळी माझ्यानंतर घरी पोचली. गवताच्या उडवीमागे लपून बसलो आणि कोणालाही काही सांगितलं नाही. अर्ध्या तासानं कोणीतरी त्याला पाहिलं. पावमाय कोपरापर्यंत पिठात माखलेली तशीच धावत आली, पोराला खांद्यावर टाकलं आणि जाता जाता तो नारळही उचलून घेतला. एवढी अतिशयोक्ती करणारा मी, पण त्या अर्ध्या तासाची अतिशयोक्ती मला आजवर जमलेली नाही.

घाटावरच्या मोठ्या इस्पितळात बस्त्याव दोन महिने होता. जीव वाचला. पण उजवा हात आणि उजवा पाय लाकडाचे झाले आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, जगला हेच खूप समजा. घरी आणल्यावर माणसं केळ्यांचे घड घेऊन भेटायला यायची आणि त्याच्या तोंडावर निकाल देऊन जायची. एक म्हातारा म्हणाला, “भोपळो झालो गो पोराचो.” पावमायनं केळी ठेवून घेतली आणि म्हाताऱ्याचं नाव मनात लिहून घेतलं.

आठवडाभरानं दाजीशेटचा गडी आला. पावमायला वाटलं, शेटनं चौकशीला पाठवला असणार. गडी मान खाली घालून म्हणाला, “माय, शेटनी नारळ मागितल्यानी.”

“खंयचो नारळ?”

“तोच. डोक्यार पडलेलो. शेट म्हणतत, माड तेंचो, नारळ तेंचो.”

भट्टीत पेद्रूकाकाचे हात पिठात थांबले. पावमाय शांतपणे उठली. मी कुंपणाआडून बघत होतो. ती शांत झाली की मला तिची जास्त भीती वाटायची. “शेटाक सांग,” ती म्हणाली, “नारळ देतलंय. पण जेच्या डोक्यार पडलो, तोच आपल्या पायांनी चलत घेऊन येतलो, आणि आपल्या तोंडान काय सांगूचा ता सांगतलो. तवसर वाट बघ म्हणा.” मग तिनं तो नारळ बस्त्यावच्या खाटेसमोरच्या खिडकीबाहेर, कट्ट्यावर ठेवला. पोराला उठता बसता दिसेल असा.

त्या मे महिन्यात रस्त्याकडेच्या क्रुसापाशी आसपासच्या किरिस्तावांची लादीन होती. लादीन म्हणजे एकानं संतांची नावं एकेक करून गायची आणि प्रत्येक नावाला बाकीच्यांनी लॅटिनमध्ये ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणायचं, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. बस्त्यावला खुर्चीत बसवून नेलं होतं. चार नावं झाली, आणि पाचव्याला खुर्चीतून आवाज आला: “ओरा प्रो नोबिस.” स्वच्छ, सुरात! पाणी मागता न येणारा पोरगा लॅटिन गात होता. डोक्यावर नारळ पडून लॅटिन बोलू लागलेला माणूस अख्ख्या कोकणात हाच पहिला. बाकीच्यांनी गुडघे टेकले. पावमायनं टेकले नाहीत. ती बस्त्यावकडे डोळे बारीक करून बघत होती. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज तिला ऐकू आला होता.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात उभी. मला वाटलं, आता कानाखाली. शाळेतून बस्त्यावबरोबर रोज मीच येतो हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, “तू पळालंस.”

“व्हय, माय.”

“तुका शिक्षा आसा. रोज सांजचो भट्टीर येवचा. तुमच्या देवळात गुरव गाऱ्हाणा घालता ना, आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतत? ता माका शिकव.”

“गाऱ्हाणा? तुका कित्याक होया?”

“पाद्री म्हणता लादनीत दुस्मनांची नावा घेवची नाय. आमच्या सायबाक दुस्मनांक माफ करूचा लागता. तुमच्या देवांक तसली काय अट नाय मा?”

तर असं सुरू झालं ते. दिवेलागणीला भट्टीसमोर बस्त्याव खुर्चीत, शेजारी मी, मागे पीठ मळणारा पेद्रूकाका, आणि कमरेवर हात ठेवून पावमाय. “बा देवा म्हाराजा! ज्या दाजीशेटान माज्या पोराक आडवो केल्यान, वर नारळ परत मागितल्यान, तेच्या घराची कौला एकेक करून गळांदेत!” मी म्हणायचो, “व्हय म्हाराजा!” दोन दिवस बस्त्याव नुसता बघत राहिला. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर त्याचाही आवाज लागला. “ज्या म्हाताऱ्यान भोपळो म्हटल्यान, तेच्या परसात भोपळ्याशिवाय काय उगवा नको!” “व्हय म्हाराजा!” “आणि देवा, जो आपल्या दोस्ताक रस्त्यार टाकून पळालो...” इथं ती माझ्याकडे बघायची. “तेच्या पायांत जनमभर काटे मोडांदेत!” “व्हय म्हाराजा,” मी म्हणायचो, आणि बस्त्याव माझ्याकडे बघून तोंडाच्या डाव्या बाजूनं हसायचा. त्या हसण्यासाठी मी आणखी चार काटे मोडून घेतले असते.

हळूहळू ती वाक्यातला एकेक शब्द गाळू लागली. “ज्या...” म्हणून थांबायची. बस्त्याव घामाघूम व्हायचा. महिनाभरानं त्यानं भरलं, “दाजी.” मग “नारळ.” मग “भोपळो.” मुलं आधी आई, बाबा शिकतात. हा शत्रूंच्या नावांवर बोलायला शिकला. पेद्रूकाका न बोलता त्याचा उजवा हात पिठात घालून, वर आपला हात ठेवून रोज मळून घ्यायचा. आणि पाव विकताना आपटायची घुंगरांची काठी त्यानं पोराच्या हातात दिली, चालताना टेकायला. बस्त्याव अंगणात चालू लागला, आणि वाडीतल्या बायका चुलीपुढे बसल्या बसल्या घुंगरांवरून सांगू लागल्या, “आज चार पावला जास्त झाली गो.”

पावसाळ्यात तो अंगणात पडला आणि मग उठेचना. काठी भिरकावून दिली, तोंड भिंतीकडे फिरवलं. गाऱ्हाण्याला मी एकटाच ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो. पावमाय सगळं करून दमली. तिला रडताना मी एकदाच पाहिली ती तेव्हा, भट्टीत तोंड घालून, धुराच्या नावाखाली. अशात एके दिवशी दाजीशेटचा गडी पुन्हा उगवला. “माय, शेट इचारतत, नारळ...” ती तोंड उघडणार, तोच खाटेवरून भिंतीकडचं तोंड फिरलं. खिडकीबाहेर पावसानं भिजून त्या नारळाला कोंब फुटला होता. बस्त्यावनं त्याच्याकडे बघितलं, गड्याकडे बघितलं, आणि म्हणाला, “नाय!”

गाऱ्हाण्यात नसलेला, कोणी न पढवलेला हा त्याचा पहिला शब्द. गडी पळाला. पावमायनं त्या दिवशी वाडीभर गोड पाव वाटले. म्हाताऱ्यालासुद्धा! त्याचा फक्त खालून करपवला.

पुढच्या वर्षीच्या नाताळपर्यंत तिनं पीठ झाकून ठेवलं. नाताळाला किरिस्तावांच्या घरून शेजाऱ्यांकडे नेवऱ्या, दोदोल असं गोडधोड ताटात घालून, वर विणलेला रुमाल टाकून जातं. त्या वर्षी एक ताट दाजीशेटकडे निघालं. ताट माझ्या हातात, काठी बस्त्यावच्या डाव्या हातात, मागे पावमाय ठेवणीतल्या काळ्या झग्यात. घुंगरांचा आवाज बागेकडे वळला तशी वाडीतली यच्चयावत माणसं काहीबाही निमित्त काढून मागे आली. कोणाची म्हैस हरवली होती, कोणाची सुई.

दाजीशेट मुंबईच्या पाहुण्यांबरोबर ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. ताट बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. “या, या! सणाचं कशाला एवढं?” म्हणत त्यानं स्वतः रुमाल उचलला. ताटात हातभर कोंब फुटलेला नारळ.

पावमायनं बस्त्यावला या प्रसंगासाठी एक लांबलचक शाप शिकवला होता. त्यात शेटच्या सात पिढ्या पुढे आणि सात मागे अशा सगळ्यांची सोय होती. बस्त्यावनं सुरुवात केली, “ज्या... ज्या...” आणि अडकला. शेटच्या ओठांवर हसू फुटायला लागलं. पावमायचे ओठ नुसते हलत होते. मग बस्त्यावनं काठी भिंतीला टेकवली. उजव्या हातानं, डॉक्टरांनी सोडून दिलेल्या त्याच हातानं, नारळ कोंबासकट उचलला, शेटच्या टाळूवर धरला, आणि अगदी आदरानं विचारलं, “शेटनू, हातात घेतास की डोक्यार?”

दाजीशेटनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि खुर्चीसकट मागे उलटला. आधी पाहुणे हसले, मग गडी हसला, मग सगळी वाडी. ते हसणं बंदरात ऐकू गेलं आणि सुटायला निघालेली आगबोट पाच मिनिटं थांबली, असं मी सांगतो आणि तुम्ही ते मान्य करायचं. दुसऱ्या दिवशी शेटनं पाडेल्यांना बोलावलं, नारळ आधी हातात ठेवले आणि बाग मोकळी करून घेतली. तरी पुढं मरेपर्यंत तो माडांखालून भर उन्हाळ्यात छत्री उघडून चालायचा, आणि पोरं लांबून विचारायची, “शेटनू, हातात की डोक्यार?”

नारळ त्यानं घेतलाच नाही. पावमायनं तो भट्टीमागे लावला. मला वाटलं, झालं, आता माझीही सुटका. मी म्हटलं, “माय, आता माजा नाव काढ.” ती म्हणाली, “शेट पाया पडलो? नाय मा? मगे गाऱ्हाणा चालू.”

पुढे मी नोकरीला मुंबईला गेलो. दर मे महिन्यात आलो की पहिली संध्याकाळ भट्टीवर, आपलं वाटोळं ऐकायला. बस्त्याव भट्टी चालवू लागला. जरा लंगडायचा, एखादा शब्द शोधायचा, पण गायचा पहिल्यासारखा. भट्टीमागच्या माडाला पहिले नारळ धरले त्या वर्षी पावमाय अंथरुणाला खिळली. मी पोचलो तेव्हा पाद्री शेवटचं तेल लावायला आलेले. ते म्हणाले, “बाई, आता सगळ्या दुस्मनांक माफ कर.”

“सगळ्यांक?” तिनं डोळे उघडले. “बसा मगे, वेळ लागतलो.” म्हाताऱ्याला माफ केलं. चिवट म्हणणाऱ्या बाईला केलं, सुनेला केलं. दाजीशेटपाशी थांबली. “बाई, तो तर वारलो,” पाद्री म्हणाले. “म्हायत आसा. तेका वर गेल्यार बघतंय. माज्या शेजारी जागा दिल्यानी आसात तर मी खाली जातंय.” पाद्रींनी कपाळाला हात लावला.

मी खाटेच्या कडेला बसलो. म्हटलं, “माय, आणि माजा नाव? आता तरी काढ गो.”

तिनं पिठाचा वास असलेला तो हात माझ्या मनगटावर ठेवला. “तुजा ऱ्हवांदे,” म्हणाली. “काढलंय तर तू येवचंस नाय.” आणि दम खात खात, आवाज भट्टीतल्या निखाऱ्याएवढा उरलेला असताना, तिनं सुरू केलं, “बा देवा म्हाराजा... जो आपल्या दोस्ताक टाकून पळालो... तेका दर वर्षी... हंय... परत...”

पुढचं वाक्य तिला भरता आलं नाही. ते बस्त्यावनं भरलं, “आण.”

आणि मी म्हणालो, “व्हय म्हाराजा.”