मेहुण्याचं सहकारी इंटरनेट

आमच्या मेहुण्याइतका गरीब चेहऱ्याचा उपद्रवी माणूस उभ्या इंदापूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. नोकरीपायी मी सासरच्या गावात, कळंबला, घर केलं आणि हा शेजारी म्हणून पदरात पडला. विरजण जसं शेजारी मागतो तसं इंटरनेटही मागावं, हे याचं तत्त्वज्ञान! "दाजी, कारखाना सहकारी, दूध सहकारी, मग इंटरनेटनंच काय पाप केलंय?" असं म्हणत पठ्ठ्यानं गल्लीतल्या प्रत्येक घरात एकेक डबा बसवला. एका घरानं उघडलेलं पान डब्यात साठायचं. दुसऱ्यानं तेच मागितलं की बाहेर न जाता शेजारच्या डब्यातून यायचं. गावची लाइन मरतुकडी, त्यामुळं लोक खूश. मी सोडून! हवामान बघावं तर परवाचा पाऊस, बाजारभाव बघावा तर गेल्या आठवड्याचा कांदा. तक्रार केली की हा थंडपणे म्हणायचा, "जुनं हाय, पर मिळालं तर खरं!" अरे, हे काय लोणचं आहे?

पुढं गावात नवा टॉवर आला, लाइन तरतरीत झाली. पण याचे डबे आपले एकमेकांनाच विचारत बसलेले. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाकडं डोळे लावून होती. रोज पान उघडायची, रोज तेच, "निकाल जाहीर नाही." एका दुपारी तिच्या बारामतीच्या मैत्रिणीचा फोन आला, निकाल कधीच लागलाय, जागा घ्यायची मुदत आज संध्याकाळपर्यंत! मी डब्याची वायर उपटून थेट लाइनला जोडली. पान ताजं आलं, पुण्यात जागा मिळाली होती. मुलीनं लगोलग ती घेतली आणि मग माझं तोंड सुटलं. "तुझ्या सहकारापायी पोरीचं वर्ष बुडालं असतं, कळतंय का?"

"व्हय, दाजी," एवढंच म्हणाला. त्या दिवशी जेवला नाही. मग डबे पुन्हा उघडून त्यांना लाइनची नाडी बघायला शिकवली. जोर असेल तर थेट बाहेर जायचं, लाइन मेली तरच शेजारी मागायचं, आणि पान कधीचं आहे ते वर ठळक सांगायचं. तरी माझा राग काही गेला नाही.

मुलगी पुण्याला गेली. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला, तर हा माझ्याआधी फोनला चिकटला. बोलणं संपल्यावर फोन माझ्या हातात दिला.

"दाजी, समद्या गल्लीचं साठवलं," तो म्हणाला. "हिचं मातुर कालचं बोलणं आज चालत न्हाय."

त्याला झापायला मी तोंड उघडलं, आणि पोरीचा नंबर पुन्हा लावून फोन त्याच्याच हातात दिला.