राणीचे पुरे फासे

राणीला खेळात पहिल्यांदा निम्मी म्हटलं ते मीच. त्यामुळं ही गोष्ट सांगायचा मान मी दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि शिव्या पडायच्या असतील तर त्याही मलाच पडू देत.

मी तानाजी, एसटीत कंडक्टर. तासगावातनं पूर्वेच्या माळावरल्या गावांना गाडी जाते, तिच्यावर माझी ड्युटी. रविवारी सुट्टीला मी इस्लामपूरकडं जातो, खेळ खेळायला. चाळिशीचा बाप्या कागदावर पात्र लिहून फासे टाकतो म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत की, त्यांच्या बापाचं काय जातंय?

खेळ रचलाय यशराजनं. ऊसवाल्या घरातला शिकलेला पोरगा, इस्लामपूरच्या पलीकडं त्याचं गाव. त्यानं वह्याच्या वह्या भरून एक अख्खा मुलूख उभा केलाय. त्यात राक्षस नाहीत, पऱ्या नाहीत. सगळी माणसंच, पण जमाती निरनिराळ्या. काठाची माणसं नदीशी बोलतात आणि नदी त्यांचं ऐकते. माळाची माणसं वाऱ्याचा वास घेऊन वाट काढतात. प्रत्येक जमातीचं आपलं देवक, आपल्याकडं लग्नात झाडाची फांदी मांडवात आणून पुजतात तसलंच. देवकामुळं अंगात गुण येतो, आणि गुण असला की दोन फासे टाकायला मिळतात. आपण पात्र घ्यायचं, यशराज संकटं घालणार, आपण त्यातनं निभावायचं. दिवाळीत याचं पुस्तक छापायचं त्याच्या मनात होतं.

राणी माझ्या गाडीची रोजची पॅसेंजर. तासगावात बेदाण्याच्या शेडवर कामाला. नुसता चिमटीत धरून बेदाण्याची प्रत सांगते, आणि व्यापाऱ्यानं खोटी प्रत लावायला सांगितली तर तोंडावर म्हणते, "आवं, तुमी लावा की, माझ्या हातनं न्हाई व्हायचं." दोनदा काम गेलं तिचं असल्या बोलण्यापायी, दोनदा परत बोलवून घेतलं. तिचे वडील नानासो धनगर, चाळीसेक मेंढरं आणि थोडं डाळिंब. आई सुलाबाई मराठ्याची, नदीकाठच्या ऊसवाल्या घरची. दोघांनी सव्वीस वर्षांपूर्वी पळून जाऊन लग्न केलं, ते आईच्या माहेरानं तिचं नावच टाकलं. राणी लहानपणापासनं दोन्हीकडचं सोसत आली. माळावर म्हणायचे, काठाचं रक्त, हिला ऊन सोसायचं नाही. काठाकडचे तर काही म्हणायचेच नाहीत, ओळखच दाखवायचे नाहीत.

एकदा गाडीत तिनं माझ्या पिशवीतनं यशराजचा नकाशा डोकावताना बघितला. "तानाजीदादा, ह्यो कुठला मुलूख?" मी खेळ सांगितला. गावाचं नाव, यशराजच्या घराचं नाव सांगितलं तसा तिनं नकाशा परत उलगडून बघितला आणि म्हणाली, "मी येनार." मला मेल्याला काय माहीत, ते तिच्या आईचं माहेर होतं म्हणून! यशराज तिचा सख्खा मामेभाऊ, आणि त्यालाही पत्ता नव्हता.

खेळायला आम्ही त्यांच्या नव्या बंगल्याच्या सोप्यात बसायचो. कोपऱ्यातल्या खुर्चीत यशराजचे आजोबा, सयाजीआबा. फौजेतले सुभेदार, ऐंशी वर्षं, पाठ अजून ताठ. पेपर तोंडापुढं धरायचे पण पान उलटायचं नाही. सगळं ऐकायचे.

राणीनं पहिल्याच दिवशी पात्र लिहिलं. अंबू नावाची बाई, आई काठाची, बाप माळाचा. यशराज जरा घुटमळला. नियम वाचायचं काम माझ्याकडं असतं, मी मोठ्यानं वाचलं, "दोन जमातींच्या पोराला देवक नाही. सबब दोन्ही गुण निम्मे. प्रत्येकाला एकच फासा." आणि कंडक्टरची जीभ ती, पटकन बोलून गेलो, "म्हणजे हाफ तिकीट की गं!"

मी हसलो. राणी हसली नाही. माझ्याकडं बघितलं नुसतं. आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

तरी ती येत राहिली. तीन महिने एकेका फाशावर खेळली. आम्ही दोन फासे टाकून पुढं जायचो, तिची अंबू प्रत्येक ओढ्याला बुडता बुडता वाचायची. मग आला तो रविवार. खेळात आमचा तांडा पुरात अडकला, पलीकडं धुकं. नदीला वाट मागायची होती आणि वाऱ्यावर दिशा धरायची होती. दोन्ही येणारं माणूस तांड्यात एकच, अंबू.

राणीनं माझ्या पुढचे फासे उचलले. "पान्यासाठी दोन, वाऱ्यासाठी दोन."

"अगं, तुला एकेकच," यशराज म्हणाला. "नियमात आहे ना तसं."

"नियम कुनी सांगितला तुला?"

यशराजनं कोपऱ्याकडं बघितलं. "मी आबांना विचारलं होतं. देवकाचं त्यांना सगळं माहितीये."

पेपर खाली आला. "मीच सांगितलं," सयाजीआबा म्हणाले. "दोन कुळांत जलमलेल्या पोराला कुटलं देवक? ना हिकडचं, ना तिकडचं. हाय ते खरं हाय."

राणीनं पिशवीत हात घातला आणि टेबलावर एक डहाळी ठेवली. रुंद हिरवी पानं, देठ ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"आबा, वळखा."

म्हाताऱ्यानं बघितलं. चेहरा कडक झाला. "कळंब. आमचं देवक हाय. कुटनं तोडलंस?"

"माझ्या दारातनं. माझ्या आईच्या लग्नाला तिच्या घरनं कोन आलं न्हाई. मांडवात नवऱ्याची शमी हुती, नवरीचं देवकच न्हवतं. तर माझा बाप दोन राती चालत हिकडं आला, नदीच्या काठाला कळंब हाय तितनं फांदी आन् एक रोप घिऊन गेला. म्हनला, बायको बिनदेवकाची आनायची न्हाई. दोन्ही देवकं शेजारी शेजारी पुजली. त्यो हितं चोरावानी आला आबा, तुमच्या लेकीचा मान राखाय."

यशराजचं तोंड उघडंच. मला तेव्हा कळलं मी कुणाला कुणाच्या घरात आणलं होतं.

"कळंब माळावर जगत न्हाई," सयाजीआबा म्हणाले.

"दोनदा मेला. तिसऱ्यांदा आंगुळीचं पानी घालून जगवला. निम्मं माझं बालपन त्याला पानी घालन्यात गेलं. मी निम्मी न्हाई. माझ्याकडं दोन हायती. तुमच्यापेक्षा एक जास्तच."

आबा उभे राहिले. "घर माझं हाय. हितं बसायचं तर नियम ह्योच राहनार."

"मग घर तुमचं तुमाला ऱ्हाऊ दे." राणीनं डहाळी उचलली, फासे माझ्या हातात परत दिले. "यशराज, तुझं पुस्तक तू छाप. पन त्यात ह्यो नियम असला तर मी तुझ्या मुलखात ऱ्हानार न्हाई. आन् खेळायचं असंल तर पुढच्या रविवारी माझ्या दारात या. फासे घिऊन."

ती गेली. मी तिच्या मागं. मागनं आबा यशराजला म्हणाले, "तू गेलास तर परत यायचं न्हाई." मी मनात म्हटलं, झालं, कारभार आटोपला.

पुढच्या रविवारी मी तासगावच्या स्टँडवर उभा, तर यशराज वह्यांचं बोचकं घेऊन हजर. डोळे सुजलेले. म्हणाला, "दादा, त्यांनी मला चुकीचं सांगितलं, आणि मी न विचारता लिहिलं. माझी चूक आहे." मी म्हटलं, "चूक माझी पण हाय रं गड्या. चल." राणीच्या दारात कळंबाखाली सतरंजी टाकली. शमी दहा पावलांवर. पहिल्याच डावाला यशराजनं वही काढली, जुन्या नियमावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, "दोन जमातींच्या माणसाला दोन्ही देवकं. दोन्हींचे फासे पुरे." राणीनं चार फासे टाकले. तांडा नदीपार झाला. मी असा ओरडलो की मेंढरं बुजली.

तिसऱ्या रविवारी दुपारची गाडी सडकेला थांबली. त्यातनं पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा उतरला आणि काठी टेकत उन्हातनं आमच्याकडं चालत आला. यशराज उठून उभा राहिला. राणी उठली नाही.

सयाजीआबा कळंबाच्या बुंध्याशी आले. साल चाचपली, एक पान बोटात धरून बघितलं, वर शेंड्याकडं बघितलं.

"कळंबच हाय," ते म्हणाले. मग यशराजकडं वळले. "खोड त्यो नियम."

"खोडलाय कवाच," राणी म्हणाली. "तुमची वाट बघत न्हवतो आमी."

एवढा सुभेदार, पण त्याला पुढं काय करायचं ते सुचेना. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. राणीनं फासे गोळा केले आणि दाराकडं मान केली.

"आई आत भाकरी थापतीया. तिला हाक मारायची असंल तर मारा. ते तुमचं तुमी बघा, त्यात मी पडनार न्हाई."

सयाजीआबांनी टोपी काढली, हातात धरली. मग सव्वीस वर्षं न उच्चारलेलं नाव, परेडच्या मैदानावर असावं तसं मोठ्यानं आलं, "सुले!"

आतला भाकरीचा आवाज थांबला. राणीनं आमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कुनाची पाळी हाय? टाका फासे."