भय्याजीचा जोडीदार

शहाऐंशी साली पंचायतीच्या नव्या इमारतीसमोर भय्याजीला शाल आणि नारळ दिला. तुमसरहून एक साहेब आले होते. त्यांनी पाऊण तास भाषण ठोकलं. सरकारला धर्म नसतो, पंचायतीलाही नसावा, हे या गावानं करून दाखवलं, आणि भय्याजीसारख्या साध्या शेतकऱ्यानं गावाची मंडई वाचवली, असं बरंच काही बोलले. भाषण वाईट नव्हतं, पण शाल चुकीच्या खांद्यावर पडली होती आणि ते त्या खांद्याला ठाऊक होतं. घरी परतताना भय्याजीनं ती काढून माझ्या हातात कोंबली.

"मी मंडईसाठी गेलोच नव्हतो गा," तो म्हणाला. "मले जाग्या पाहिजे होता."

जाग्या म्हणजे जागेश्वर, भय्याजीचा नाचगाण्यातला जोडीदार. या दोघांच्या मागं उभा राहून मी वर्षानुवर्षं झांज वाजवली आहे. साहेबांनी सांगितलेली गोष्ट खरी मानण्याची आता गावाला सवय लागली आहे, म्हणून चिडून का होईना, मीच सांगतो.

भय्याजीचं शेत सिहोऱ्याच्या वाटेवर, तलावाखाली. तीन एकर धान. चिखलात राबून राबून त्याची पावलं पसरट झाली होती आणि आवाज मात्र भरदार राहिला होता. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगाव एकेक दिवस ठरवून मंडई भरते. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, शिंगाडे आणि मुर्रा विकणाऱ्या बाया ओळीनं बसतात, आणि भर दुपारी मैदानात दंडार, म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ, उभी राहते. आमच्या दंडारीत भय्याजी नवरा आणि जागेश्वर त्याची बायको. नवरा सवाल गाणार, बायको जबाब देणार, आणि आम्ही मागं ढोलकी-झांज घेऊन त्यांना चढवणार. तालुक्यात जोड्या पुष्कळ होत्या, पण या दोघांचं भांडण ऐकून बाया खरोखर पदर डोळ्यांना लावायच्या.

रुखमा, म्हणजे भय्याजीची खरी बायको, जागेश्वरला तोंडावर सवत म्हणायची. "ये वं सवती, जेवून जाय," असं अंगणातून ओरडायची. हाही बेरकी. खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर ओढून, लाजत, चुलीजवळ जाऊन बसायचा आणि भय्याजीच्या आधी जेवायचा. रुखमाचं हिरवं लुगडं मंडईत तोच नेसायचा. तिच्यापेक्षा त्याला चांगलं दिसायचं, असं तीच सांगायची.

एवढं सगळं छान असतं तर काय पाहिजे होतं. पण जागेश्वर प्यायल्याशिवाय उभा राहत नसे. मोहाची पोटात गेली की मगच पायातले चाळ बोलायचे. आम्ही हसायचो, आणखी आणून द्यायचो. मग मंडई नसतानाही तो पिऊ लागला. उषाबाई, त्याची बायको, दोन पोरी घेऊन कितीदा तरी भावाकडे निघून गेली. आम्हाला तेव्हाही नाचच दिसत होता.

पंचाहत्तरच्या सुमारास बालाघाटकडून एक बुवा आले. त्यांचे लोक मनगटात तांब्याचं कडं घालायचे, म्हणून गाव त्यांना कडेवाले म्हणू लागलं. दारू बंद, कोंबडं-बकरं बंद, दंडार बंद, आणि ज्या घरात दुसरा देव असेल तिथलं पाणीही बंद. मला ते लोक कधी आवडले नाहीत. देवाला एवढा पहारा कशाला लागतो, ते मला कळत नाही. पण जागेश्वरनं कडं घातलं त्या दिवसापासून थेंब घेतला नाही, हे मला नाकारता येत नाही. उषाबाई परत आली. तिच्या अंगावर मांस आलं. पोरी शाळेत जाऊ लागल्या.

कडं घातलं त्याच आठवड्यात तो भय्याजीकडे दंडार सोडल्याचं सांगायला आला होता. रुखमानं सवयीनं पाण्याचा गडवा पुढं ठेवला. देव्हाऱ्यात देवीचा टाक होता. जागेश्वरनं गडव्याकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवले. तो गेल्यावर रुखमा म्हणाली, "सवतीनं माह्या घरचं पानी सोडलं," आणि आत जाऊन रडली.

भय्याजी रडला नाही, त्यानं दंडार सोडली. टिकाराम नावाचा एक चांगला गाणारा तरुण आम्ही त्याच्यापुढं उभा केला, तर म्हणाला, "याच्यावर मले राग येत नाही, तं मी भांडू कसा?" दोन-तीन मंडया त्यानं लोकांत बसून पाहिल्या. रोवणीच्या वेळी धानाच्या बांधीत चिखल तुडवताना मात्र तो गुणगुणायचा. सवाल म्हणायचा आणि जबाबाची जागा मोकळी सोडून पुढचा सवाल घ्यायचा.

मग पंचायतीची निवडणूक आली. कडेवाले वाढले होते. नवांपैकी पाच जण त्यांचे निवडून आले, आणि सरपंच कोण, तर जागेश्वर. त्याच्याइतका खणखणीत बोलणारा त्यांच्यात दुसरा होता कुठं? ते बोलणं त्याला दंडारीनं दिलं होतं, पण ते कोण कबूल करणार. लक्ष्मणराव हा त्यांच्या मंडळाचा गावातला प्रमुख, तोही पंचायतीत होता. त्यानं ठरवून टाकलं की मंडईचं मैदान पंचायतीचं आहे, तिथं बुवांचा सभामंडप होईल आणि मंडई कायमची बंद. पापाचा बाजारच उठवायचा.

गावात कुजबुज झाली, पण पुढं कोणी होईना. गेला तो भय्याजी. त्याला मंडईत दुकान मांडायचं नव्हतं की पोरीची सोयरीक जुळवायची नव्हती. त्याचा हिशेब साधा होता: मैदान राहिलं तर जाग्या कधी ना कधी त्यात उभा राहील, मैदानच गेलं तर संपलं. मी सोबत होतो. जागेश्वर पंचायतीत खुर्चीवर बसला होता.

"मंडई भरू दे," भय्याजी म्हणाला.

"घरी काहून नाही आला?"

"घरी तू नाही म्हनला असता."

जागेश्वर थोडा हसला. "हो. घरी नाहीच म्हनलो असतो," असं म्हणून त्यानं विषय पुढच्या बैठकीवर ठेवला.

बैठकीच्या दिवशी आम्ही पंधरा-वीस जण ओट्यावर उकिडवे बसून आतलं ऐकत होतो. लक्ष्मणरावानं आवाज चढवला. बुवांचा शब्द आहे, सरपंच आपला आहे, यात विचारायचं काय? मग जागेश्वर बोलला, आणि मी त्याला ओळखतो म्हणून सांगतो, तो आवाज दंडारीतला होता.

"लक्ष्मणराव, हे कडं माह्या हाताले हाय. पंचायतीच्या हाताले नाही. गावात देवीले मानणारे हायेत, बुद्धाले मानणारे हायेत, तिकडं मशिदीत जानारी दोन घरं हायेत. घरपट्टी सगळ्यायची घेतो ना आपन? मंग मैदान आपल्या एकट्याचं कसं? माह्या घरात मी मंडईचं नावही घेऊ देत नाही. पर हे माहं घर नोहे."

त्यानं हात वर केला, तो खिडकीतून आम्हाला दिसला. दुसऱ्या बाजूचे चार आणि हा पाचवा. मंडई राहिली.

साहेबांच्या भाषणात याचं नाव आलं नाही. येणार कसं? मंडळानं त्याला लगेच बाहेर काढलं होतं. गुरुवारच्या बैठकीत त्याला बसू देईनात, कडेवाल्यांच्या लग्नात त्याच्या पोरींना बोलावणं येईना. इकडच्या लोकांसाठी तो कडेवालाच होता. दोन्हीकडून गेलेला माणूस अंगणात एकटा बसून संध्याकाळची प्रार्थना म्हणायचा. कडं त्यानं काढलं नव्हतं.

भय्याजीनं मात्र आपल्याला हवा तोच अर्थ काढला. ज्यानं मैदान दिलं तो नाचायला येणारच, असं दंडारीचाच माणूस समजू शकतो. मंडळही सुटलं, आता कोणाची भीती? त्यानं घरोघर सांगितलं, यंदा जाग्या उभा राहतो. रुखमानं ट्रंकेतून हिरवं लुगडं काढून धुतलं आणि दोरीवर वाळत टाकलं. येणारा-जाणारा ते बघून हसायचा आणि तीही हसायची. त्या आठवड्यात भय्याजी दहा वर्षांनी लहान झाला होता. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

मंडईच्या सकाळी जागेश्वर मैदानात होता. दुकानांना जागा आखून दिल्या, पिण्याच्या पाण्याचे ड्रम भरून घेतले, मोहाची विकायला आलेल्या दोघांना वेशीबाहेर काढलं. चोख सरपंच. ढोलकीवर पहिली थाप पडायच्या आत तो घरी निघून गेला.

आम्ही थांबलो. सूर्य डोक्यावर आला. लोक ओरडू लागले. टिकाराम म्हणाला, "भाऊ, मी नेसू का लुगडं?" भय्याजीनं मान हलवली आणि एकटाच मैदानात उतरला. मँगनीजच्या खाणीवर कामाला निघालेल्या नवऱ्याचा सवाल त्यानं धरला. मी परतलोच नाही तर तू काय करशील, असं तो बायकोला विचारतो. विचारून तो थांबला. ढोलकी थांबली. कोणीतरी शिटी मारली. त्यानं पुन्हा तेच विचारलं, जागेश्वरच्या घराकडे तोंड करून. मग डोक्यावरचा फेटा सोडला आणि लोकांमधून बाहेर आला.

दिवेलागणीला मी त्याच्याबरोबर जागेश्वरकडे गेलो. एकटं सोडवलं नाही. जागेश्वर अंगणात खाटेवर बसला होता, उषाबाई दारात सूप घेऊन उभी होती.

"काहून नाही आला?" भय्याजीनं विचारलं.

"मंडई माही नव्हती, मंग मी अडवनारा कोन? पर हे शरीर माहं हाय, भय्या. याले मी वळखतो. पायात चाळ बांधले का याले मोहाची लागते. एकाशिवाय दुसरं मले कधी जमलंच नाही."

"आता तं मंडळ बी तुले बसू देत नाही."

"मंडळानं मले सोडलं. मी नेम नाही सोडला. सोडला तं मी उरत नाही."

भय्याजी बोलायला लागला आणि त्याचं लक्ष उषाबाईकडे गेलं. तिनं सूप छातीशी घट्ट धरलं होतं आणि ती त्याच्याकडेच पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्या बाईकडे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. आम्ही ज्याच्यासाठी झुरत होतो तो जागेश्वर तिला कधीच परत नको होता.

"बरं," भय्याजी म्हणाला. "मी नाही बोलावनार आता." आणि तो शब्द त्यानं मरेपर्यंत पाळला.

आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"सवाल कोन म्हनला आज?"

"मीच."

"आनं जबाब?"

"कोनीच नाही."

जागेश्वर खाटेवरून उठला नाही. आमच्याकडे बघितलंही नाही. सूर न लावता, शेजाऱ्याशी बोलावं तसं, तो म्हणाला,

"तुह्या वाटचं ताट वाढीन राजा, निवलं तं गाईले घालीन, आनं उद्या पुन्हा वाढीन."

भय्याजी फाटक धरून उभा राहिला. पुढचं यायची वाट पाहत होता.

"एवढंच याद हाय मले," जागेश्वर म्हणाला. "जाय आता, रुखमा वाट पाहत असन."

ते खोटं होतं. त्या जबाबाच्या पुढच्या सगळ्या ओळी त्याला तोंडपाठ होत्या, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.