आयव्हीने शिवलेले बोळे

"भिंतीला भोक पाडलं कुणी?"

"गॅसवाल्यानं."

"घर कुणाचं?"

"स्टॉटचं."

"आणि घोटे कुणाचे गारठतात, वॉल्टर? स्टॉटचे?"

"अगं, तो सांगून गेलाय ना, शेगडी पेटलेली असताना हवा आत यायला पाहिजे. बुजवायचं नाही म्हणून. तुला मरायचंय का?"

"गारठून मरण्यापेक्षा गॅसनं मरेन! मरताना ऊब तरी मिळेल."

हे भांडण मी आमच्या भिंतीपलीकडून ऐकलं. ऐकलं म्हणजे कान लावून नव्हे. टॅनर स्ट्रीटवरची आमची घरं एकाला एक चिकटून उभी. मधली भिंत अशी की पलीकडच्याला शिंक आली तर इकडून आपण 'देव भलं करो' म्हणायचं. आयव्ही हॅडफील्ड आणि तिचा नवरा वॉल्टर माझ्या डाव्या हाताला राहायचे. म्हाताऱ्या स्टॉटने तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांत खोली तापवायच्या कोळशाच्या चुली काढून गॅसच्या शेगड्या बसवल्या होत्या आणि समोरच्या खोलीच्या भिंतीत, अगदी जमिनीलगत, हवेसाठी जाळीचं एकेक भोक ठेवलं होतं. आमच्या रॉचडेल गावचा जानेवारीतला वारा त्या भोकातून आत यायचा तो थेट घोट्याला चावायचा.

आयव्ही भोकात चिंधी कोंबायची, वॉल्टर काढायचा. दोन हिवाळे हा खेळ चालला. मग वॉल्टर छातीच्या दुखण्याने गेला, आणि ती भांडण जिंकली असं म्हणायचं असेल तर म्हणा.

हात तिचे सोन्याचे. जुन्या मोज्यांत चिंध्या ठासून तिने भोकाच्या मापाचे बोळे शिवले, वर निळ्या फुलांचं कापड लावलं. नाताळात प्रत्येक घरी एकेक दिला. मलाही दिला. आम्ही सगळ्या बायकांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. पाय उबदार झाले की माणूस कौतुकच करतो.

भाड्याच्या घरातली शेगडी मालकाने वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायची, असा कायदा आहे. म्हाताऱ्या स्टॉटकडून टॉमी ग्रीनहॉल्ग यायचा, ऑक्टोबरात. तो यायचा दिवस म्हणजे आमच्याकडे सणच. गॅसवाला येणार म्हणून पायऱ्या घासायच्या, पितळ चमकवायचं, चांगल्या बशा काढायच्या. परका माणूस आपल्या बैठकीत गुडघ्यावर बसणार, त्याला सोफ्याखाली धूळ दिसली तर तोंड कुठं लपवायचं? आणि बोळा काढून पावाच्या डब्यात टाकायचा.

टॉमीला सगळं ठाऊक होतं. भोकाशी हात धरून म्हणायचा, "आयव्ही, हे भोक आत्ताच झोपेतून उठलंय गं. अजून ऊन आहे."

"तुझ्या हाताला ताप असेल."

"आणि पावाच्या डब्याचं झाकण का नाही बसत?"

"पाव मोठा आहे आमचा. तू तुझं काम कर नि चहा घे."

तो हसत हसत डबा उघडायचा, बोळा काढायचा आणि तिच्या डोक्यावर हळूच मारून म्हणायचा, "एक दिवस हे तुझ्या अंगाशी येईल हं." मग शेगडीचं तोंड खोलून, आतली काजळी झाडून, धूर वर नीट जातोय का ते बघून निघायचा. त्याची पाठ वळली की बोळा परत जाग्यावर. पण निदान शेगडी आतून स्वच्छ असायची. कुणीतरी ती उघडून बघितलेली असायची.

मग म्हातारा स्टॉट वारला आणि टॉमीने निवृत्ती घेतली. घरं पोराच्या हाती आली. हा रेमंड. याचं नाक आयव्हीने स्वतःच्या पदराला, म्हणजे एप्रनला, पुसलेलं. आता गळ्यात टाय आणि बाजारात मिठाईच्या दुकानावर ऑफिस.

त्याच्या पहिल्या वर्षी चिठ्ठी आली, अमुक दिवशी तपासणी. आयव्ही सकाळपासून चांगला एप्रन बांधून खिडकीत. टेबलावर ताजे भाजलेले स्कोन, लोणी, जॅम. एक व्हॅन आली, रस्त्याच्या टोकाला उभी राहिली, आतल्या माणसाने पेपर वाचला, सँडविच खाल्लं आणि गेला. चार दिवसांनी पोस्टाने सगळ्यांच्या घरी कागद आले: तपासणी झाली, सर्व ठीक.

आयव्ही तडक त्याच्या ऑफिसात गेली. मी सोबत होते, कारण तिला एकटीला सोडलं असतं तर तिने त्याचा टाय धरला असता.

"रेमंड, तुझा माणूस माझ्या घरात आला कुठून रे? धुराड्यातून? नाताळबाबा आहे का तो?"

"मिसेस हॅडफील्ड, तुम्ही घरी नसाल."

"मी घरी नव्हते? मग ते स्कोन कुणी खाल्ले? मीच खाल्ले, दोन दिवस, वातड झाले होते तरी!"

"कागद आलाय ना तुमच्याकडे? मग झालं तर."

"कागदानं काजळी निघते का?"

तो फोन उचलून कुणाशी तरी बोलायला लागला. पलीकडे कुणी होतं की नव्हतं, देव जाणे.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तर व्हॅनसुद्धा नाही, नुसता कागद. आयव्ही भांडत राहिली आणि बाकीची गल्ली गप्प राहिली. खरं सांगायचं तर लोकांना बरंच वाटलं होतं. पायऱ्या घासायच्या नाहीत, बोळा काढायचा नाही, सुट्टी घेऊन घरी बसायचं नाही.

आयव्हीच्या पलीकडच्या घरात तेव्हा लॉरेन आली, बेकरीत काम करणारी, कडेवर सहा-सात महिन्यांची लेक, जोडी नावाची. नवरा ट्रकवर, आठवड्याने एकदा तोंड दाखवायचा. त्या घरातही आधीच्या भाडेकरणीचा निळ्या फुलांचा बोळा भोकात होता. लॉरेनला तो भिंतीचाच भाग वाटला असेल.

त्या हिवाळ्यात पोरीचं डोकं सारखं दुखायचं. मळमळायचं. बेकरीत गेली की बरं वाटायचं, घरी आली की पुन्हा सुरू. आम्ही म्हणालो, साथ आहे. एकीने तर हसून विचारलं, दुसऱ्याची चाहूल आहे का? डॉक्टर म्हणाले, दमली आहेस. सगळ्यांनी काहीतरी सांगितलं. शेगडी तेवढी कुणी उघडली नाही.

एका गुरुवारी दुपारी आयव्हीने तिच्यासाठी बटाटा-मांसाचं सारण भरलेली पाई भाजून नेली. दार वाजवलं. आतून टीव्हीचा आवाज, पण कुणी उठेना. पत्र टाकायची फट उघडून तिने आत बघितलं आणि मग तिने जी हाक मारली ती मला अजून ऐकू येते.

मी कोळशाच्या दिवसांतला हातोडा घेऊन धावले. समोरची काच मी फोडली, आयव्ही आत शिरली, काचेने तिचा दंड फाटला त्याची तिला शुद्ध नव्हती. आधी बाळ बाहेर आलं, माझ्या हातात, चिंधीसारखं सैल. मग आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी त्या पोरीला काखेत हात घालून फरशीवरून फुटपाथपर्यंत ओढत आणलं. पाई दारातच सांडली होती. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आयव्ही जोडीच्या तळपायाला चिमटे काढत होती आणि शिव्या देत होती. बाळाला नाही. रेमंड स्टॉटला, नाव घेऊन, भर रस्त्यात.

बाळ रडलं. असं गोड रडणं मी माझ्या स्वतःच्या पाच लेकरांचंही ऐकलं नाही.

दोघी वाचल्या. पण लॉरेन आधीची राहिली नाही. बेकरीतली सगळ्यांत तरबेज पोर ती, आता किटलीकडे बोट दाखवून म्हणायची, "ते... ते पाण्याचं..." शब्द सापडायचा नाही. वय काय, तर बावीस.

गॅस कंपनीचा माणूस आला, त्याने शेगडीचं तोंड उघडलं. धुराड्यात पक्ष्याचं घरटं पडलेलं आणि त्यावर काजळीचा थर. म्हणाला, "कितीतरी वर्षं हिला कुणी हात लावलेला नाही. धूर बाहेर जायला वाटच नव्हती, आणि त्यातल्या विषारी वायूला ना रंग ना वास." मग तो व्हॅनकडे सामान आणायला गेला. तेवढ्यात आयव्ही भिंतीपाशी वाकली आणि भोकातला बोळा काढून एप्रनच्या खिशात घातला. मी बघितलं. दुसऱ्या कुणी नाही.

तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी बसलो. बोळा टेबलावर. निळी फुलं धुराने काळवंडलेली.

मी म्हटलं, "जाळून टाक. कुणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"आयव्ही, खटला उभा राहणार आहे. हा दाखवलास तर रेमंड सुटेल. म्हणेल, भोक यांनी बुजवलं, मी काय करू? आणि तू त्याच्याच घरात राहतेस, बाई."

तिने बोळा स्वतःकडे ओढला. मग टेबलावर अशी मूठ आपटली की चमचे उडाले. "तुझ्या भोकात आत्ता काय आहे?"

मी चमचे गोळा करायला लागले.

"सांग ना! माझाच बोळा आहे ना? हा जाळला तर बाकीचे कोण काढणार? तू काढणार? ती समोरची काढणार? सगळ्या म्हणतील घरट्यानं झालं. आणि पुढच्या हिवाळ्यात अजून एक पोर मी अशीच रस्त्यावर ओढत आणू का?"

खटल्याच्या आधी रेमंड तिच्या दारात आला. टोपी हातात, आवाज मधासारखा. आत जायला तिने वाट दिली नाही, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मिसेस हॅडफील्ड, माझा माणूस आला होता एवढंच तुम्ही म्हणा. वय झालंय, विसरला होतात. तुमच्या खिडक्या नव्या करून देतो. घराची काळजीच सोडा, मरेपर्यंत तुमचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"घर माझं आहे, एवढंच."

"लहानपणी तुझं नाक पुसलं तेव्हाच जरा जोरात पिळायला हवं होतं," आयव्ही म्हणाली आणि दार लावून घेतलं.

कोर्टात तिने पिशवीतून बोळा काढून समोर ठेवला. "हा मी शिवला. गल्लीभर मीच वाटले. भोक माझ्या बोळ्यानं बंद होतं." रेमंडच्या वकिलाचा चेहरा असा उजळला की जणू दिवाच लावला. तो उठला, टायशी चाळा करत म्हणाला, "म्हणजे, बाईसाहेब, या दुर्घटनेला खरं कारण तुमचा मूर्खपणा?"

"हो," आयव्ही म्हणाली. "मूर्खपणाच. थंडी वाजली की माणसं भोकं बुजवतात. आधीही बुजवायची, पुढेही बुजवतील. तेवढ्यासाठीच तर दर वर्षी माणूस घरात यायचा कायदा आहे! आम्ही सगळे शहाणे असतो तर तपासणी हवी कशाला? टॉमी ग्रीनहॉल्ग दर वर्षी माझा बोळा काढून माझ्याच डोक्यात मारायचा. याच्या माणसानं व्हॅनमध्ये बसून सँडविच खाल्लं. माझ्या चुकीचा जाब मी देते आहे, उभी राहून. त्याच्या चुकीचा त्याला विचारा. का तेही मीच सांगायचं?"

वकील खाली बसला.

रेमंडला शिक्षा झाली म्हणजे काय, तर दंड, आणि पुन्हा केलंस तर तुरुंगात टाकू अशी धमकी. त्याच दिवशी तो आपल्या मोटारीत बसून घरी जेवायला गेला. लॉरेनला त्या दिवशी स्वतःच्या गल्लीचं नाव आठवत नव्हतं. मला हे आज लिहितानाही दात खावेसे वाटतात, आणि दात आता माझे थोडेच उरलेत.

आयव्हीला घराबाहेर काढणं मात्र त्याला जमलं नाही, वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता. थोड्याच दिवसांत त्याने गल्लीतली आपली सगळी घरं विकली. नव्या मालकीणबाई तपासणीला खरोखरचा माणूस पाठवतील, हे आयव्हीने त्यांच्याकडून आधी वदवून घेतलं, मगच त्यांना चहा दिला.

त्यानंतर तिने घरोघरी जाऊन बोळे गोळा केले. भर जानेवारीत. समोरचा म्हातारा फ्रेड बटरवर्थ कुरकुरला, "आयव्ही, देताना नाताळची भेट म्हणालीस, आता परत मागतेस?"

"हो. दे इकडे."

"आणि माझे पाय?"

तिने पिशवीतून लोकरीचे जाड मोजे काढून त्याच्या अंगावर फेकले. प्रत्येक घरासाठी विणले होते. "पायांत घाल. भिंतीत घातलेस तर बघ."

तेव्हापासून दर ऑक्टोबरात गॅसवाल्याच्या आधी आयव्ही. कामावर जाणाऱ्यांच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या. प्रत्येक घरात जायची, वाकून भोकाशी हात धरायची, वारा लागला की मान हलवायची. मग गॅसवाल्याला आत घ्यायची आणि तो शेगडीचं तोंड उघडून आत बघेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी. नवे पोरगे तिला घाबरायचे.

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी तिला बाहेर पडू नको म्हणून बजावलं होतं. छातीत पाणी झालं होतं. मी म्हटलं, "किल्ल्या दे, मी जाते."

"तुझा हात बधिर आहे, तुला वारा कळायचा नाही," म्हणाली, आणि कोट चढवला.

माझ्या घरापासून सुरुवात केली. वाकताना टेबलाला धरलं, उठायला वेळ लागला. मान हलवली. लॉरेनकडे जोडी आता शाळेतून आलेली, दार तिनेच उघडलं. तिथे आयव्हीने भोकाशी हात जरा जास्त वेळ धरला. फ्रेडच्या भोकात वर्तमानपत्राची गुंडाळी निघाली. ती तिने सावकाश बाहेर ओढली, उलगडली, तारीख बघितली आणि त्याच्या टकलावर मारली.

"कालचाच आहे की रे, चोरा!"

"थंडी आहे गं, आयव्ही."

"मोजे कुठायत?"

मग ती धापा टाकत पुढच्या दाराशी गेली, पत्राची फट बोटाने उचलून धरली आणि आत ओरडली, "उघडा! गॅसवाला आलाय. कुत्रं बांधा आणि किटली ठेवा!"