गोकुळदासांची चार महिन्यांची मिशी

धारगळच्या त्या घराचं दार कोणी सहसा ठोठावत नाही. पोदेर पाव घेऊन येतो तो भोंपू वाजवत, शेजारीण अंगणातूनच हाक मारते. म्हणून सकाळी आठला दारावर थाप पडली तरी गोकुळदास आरशासमोरून हलले नाहीत. बोटाला खोबरेल लावून मिशीची टोकं वळवणं चाललं होतं.

"बघा तरी कोण ते," त्यांची बायको पद्मावती चहा गाळता गाळता म्हणाली. "आरसा खंय पळून जायना."

मिशी चार महिन्यांची. त्याआधी पस्तीस वर्षं त्या ओठावर केस टिकला नव्हता. दशावतारात बायकांची कामं पुरुषांनीच करायची, आणि त्यांच्या नाटक कंपनीची राणी म्हणजे गोकुळदास. दिवसा पाळी गावच्या खाणीवर टिप्पर चालवायचे. तिथले गडी विचारायचे, "काय रे, मिशी कोणी चोरली?"

"राणीकडे ठेवलीय. एक दिवस मागून घेईन."

गेल्या दसऱ्याला त्यांनी राणी कंपनीतल्या तरुण साईशच्या हाती दिली. निऱ्या कशा घालायच्या, पदर केव्हा सोडायचा, सगळं शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून वस्तरा बंद.

दारात पणजी शहरातून आलेली तनया नावाची मुलगी उभी होती, मागे कॅमेरावाला.

"काका, मी माहितीपट करतेय. वेगवेगळ्या मुलखांतले पुरुष आणि त्यांच्या परंपरा. पगडी बांधणारे झाले, कुस्ती खेळणारे झाले. आता तुमची राणी..." एवढं बोलून तिची नजर मिशीवर अडकली.

चहा आला, आणि राणी आता साईश करतो हेही तिला कळलं. तनयाने चाचरत विचारलं, "मिशी ठेवूनच शृंगार केला तर? पुरुष आणि राणी, दोन्ही एकदम दिसतील."

"मिशीवाल्या राणीला लोक हसतात गो बाय. रानात टाकलेली राणी रडायला लागली की आमच्या जत्रेत बायका पदर डोळ्याला लावायच्या. पस्तीस वर्षांत तिला कोणाला हसू दिलं नाय मी."

"मग साईशदादांना विचारू का?"

गोकुळदासांनी कप खाली ठेवला. साईश चांगला होता, पण त्याच्या राणीला अजून रडावं लागायचं. यांच्या राणीला रडू यायचं. हा माहितीपट कुठल्या कुठल्या देशांतली माणसं बघणार होती. आणि इकडे बोट आपसूक मिशीवर गेलं होतं.

"काढा ती," पद्मावती म्हणाली. "परत येतली."

"तुला आवडत नाय?"

"आवडते हो." ती तनयाकडे वळली. "आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या बाजूला राणीच उभी आहे. आदल्या दिवशीच्या नाटकाचं काजळ पुसलं नव्हतं यांनी. बायका विचारायच्या, यातली नवरी कुठली?"

तनया हसताना चहा सांडून बसली. कॅमेरावाल्याने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होतेच.

गोकुळदासही हसले, मग उठले. "पाणी ऊन कर," ते पद्मावतीला म्हणाले. आतून वस्तरा आणला, धार अंगठ्यावर पाहिली, आणि तो बाजूला ठेवून तनयाकडे वळले.

"बाय, एक काम कर. मिशी काढायच्या आधी आमचा दोघांचा एक फोटो काढून दे."