पूजेतला पाना

तिसगावच्या बाजाराला बायकांनी जायचं ते बायडाबाईच्या जीपमधून, असा आता रिवाजच पडून गेला आहे. नवरा गेला तेव्हा जीप विकून टाक म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यातले निम्मे ती स्वस्तात घ्यायला टपले होते. बायडाबाईनं विकली नाही, चालवायला शिकली. दोनदा बांधावर चढवली, एकदा पंचायतीच्या नळाला ठोकली, पण शिकली.

तेव्हापासून धाकटा दीर मच्छिंद्र जीपच्या किल्लीकडे मांजरानं शिंक्याकडे बघावं तसा बघत आला आहे. पारावरची जागा राखण्यापलीकडे या गड्यानं आयुष्यात काही केलेलं नाही. तरी पारावरूनच तो एकदा म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातनं गाडीची मोडतोड झाली की किल्ली माझ्याकडं." बायडाबाई तापट. चारचौघांत ‘व्हय’ म्हणून बसली.

दसऱ्याला गाडी ठाकठीक असावी म्हणून तिनं ती हर्षलच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला टाकली. हर्षल म्हणजे मोठं प्रस्थ. दारावर भलीमोठी पाटी, गिऱ्हाइकाला गार पाणी, आणि "काकू, टेन्शन घेऊ नका" हे एकच वाक्य तोंडपाठ. खंडेनवमीच्या दुपारी त्यानं जीप परत दिली ती धुऊन, पुसून, बॉनेटला झेंडूची माळ घालून. "ऑइल बदललंय, आता वर्षभर बघायला नको," म्हणाला. माळ खरंच चांगली होती.

दसऱ्याच्या सकाळी बायडाबाई जीपपुढं रांगोळी काढायला बसली आणि तिची नजर गाडीखाली गेली. काळ्या ऑइलचं थारोळं साचलेलं, आणि वरून टपटप चालूच. मच्छिंद्र कुठूनसा लगेच उगवला. "इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटलं. वहिनींनी दगडावर घातली आसंल." हर्षलला फोन लावला तर त्याचंही तेच, काकूंनी खालून ठोकली असंल. दोघांपैकी एकानंही गाडीखाली डोकं घातलं नव्हतं, पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. बायडाबाईनं कालचा रस्ता आठवून पाहिला. गॅरेजपासून घरापर्यंत सरळ डांबरी रस्ता, दगड काही आठवेना. तरी क्षणभर तिला स्वतःचीच शंका आली, आणि त्या शंकेचा तिला या दोघांपेक्षा जास्त राग आला.

घरातला ऑइलचा डबा इंजिनात ओतून तिनं जीप सावकाश गॅरेजवर नेली. शेजारी मच्छिंद्र, पांढऱ्याफेक नव्या कपड्यांत, किल्ली घ्यायला हात मोकळे ठेवून बसलेला.

गॅरेजात चहा चालला होता. भिंतीला देवीचा फोटो, त्याखाली पाटावर नट आवळायचे पाने हळदकुंकू लावून ओळीनं मांडलेले. हर्षलनं उभ्या उभ्याच निकाल दिला. "चेंबरच गेलंय काकू."

"खोलून बघ की."

"आज न्हाई जमायचं. पाने पूजेत हायेत. काल सकाळी मांडले, तवापासून एकाला बी हात लावला न्हाई. नियम म्हंजी नियम." चहा पिणाऱ्यांनी माना डोलावल्या.

बायडाबाई त्या ओळीकडे बघत राहिली. "ऑइल कवा बदललं?"

"जुनं परवा रात्रीच सोडून ठेवलं, नवं काल दुपारी वतलं. तुमी यायच्या जरा आधी."

"मग ऑइल सोडायचा खालचा नट कशानं आवळला?"

हर्षलनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. "हातानंच... पर घट्ट बसवलाता."

आपल्या धर्मनिष्ठेचं एवढं चोख प्रमाण कुणी स्वतःहून दिलं नसेल. देवीला नमस्कार करायचा आणि बाईची गाडी सुट्या नटावर रस्त्यावर सोडायची, वर दगडाच्या नावानं बोंब.

"भाऊजी," बायडाबाई म्हणाली, "किल्ली तुमाला पायजे हुती न्हवं? मग खाली जाऊन नट बघा."

चारचौघांपुढं नाही म्हणता येईना. मच्छिंद्र जीपखाली सरकला आणि थोड्या वेळानं बाहेर आला. नव्या सदऱ्याच्या पाठीवर ऑइलचा नकाशा उमटलेला.

"दोन बोटांनी फिरतोय," तो पुटपुटला.

"मोठ्यांदा सांगा."

त्यानं मोठ्यांदा सांगितलं.

बायडाबाईनं देवीला हात जोडले, ओळीतला एक पाना उचलून कपाळाला लावला, आणि आपट्याचं पान द्यावं तसा हर्षलच्या हातावर ठेवला.

"घे सोनं," ती म्हणाली. "आन् शीर गाडीखाली."